वाचनालयाची निर्लेखन यादी

पुस्तक फाटले, हरवले, वाळवीने पोखरले, की वाचनालयाची कार्यकारिणी ठराव करते. दाखल नोंदवहीत त्या क्रमांकापुढे तांबड्या शाईने 'बाद' असे लिहिले जाते आणि पुस्तक हिशेबातून कमी होते. सरकारी कागदात याला निर्लेखन म्हणतात. फाटक्या पुस्तकालाही असा रीतसर निरोप मिळतो. वाचनालयाच्या इमारतीतून मात्र कितीतरी गोष्टी ठरावाविना गेल्या. काही आज-उद्या जातील. बुलढाणा जिल्ह्यातल्या, घाटावरच्या आणि घाटाखालच्या वाचनालयांतल्या अशा गोष्टींची ही यादी. क्रम लावलेला नाही. जे आधी आठवले ते आधी.

ओटा. काळ्या दगडाचे जोते, सागवानी खांब, वर मंगलोरी कौले किंवा पत्रे, आणि रस्त्याच्या अंगाला बसण्याजोगी ओसरी. तालुक्याच्या गावातले जुने वाचनालय म्हटले की असे काहीतरी डोळ्यांपुढे येते. दार उघडण्याआधी माणसे ओट्यावर येऊन बसत आणि दार लागल्यावरही लवकर उठत नसत. आत जाऊन वाचायची ज्याला भीड वाटे तो ओट्यावर बसून नुसता ऐकत असे, आणि एखाद्या दिवशी उंबरा ओलांडून आत जाई. आता ओट्याच्या जागी गाळे आहेत. झेरॉक्स, मोबाइलची दुरुस्ती, कापडदुकान. वाचनालयाचे दार दोन गाळ्यांमधल्या बोळात गेले, किंवा जिन्याने वर.

गाळे का निघाले तेही नीट पाहिले पाहिजे. ड या सर्वांत खालच्या वर्गाच्या ग्रंथालयाला अनेक वर्षे वर्षाकाठी ३० हजार रुपये सरकारी अनुदान होते. म्हणजे महिन्याला अडीच हजार. त्यातच ग्रंथपालाचे मानधन, पुस्तके, वर्तमानपत्रे, विजेचे बिल. २०२२ मध्ये अनुदान ६० टक्क्यांनी वाढले, तरी महिन्याचे चार हजारच झाले. अशा हिशेबात गाळ्याचे भाडे ही चैन नव्हे, त्यावर वाचनालय जगते. कार्यकारिणीला मी दोष देणार नाही. पण एक गोष्ट गावातल्या प्रत्येक सभासदाला ठाऊक असावी. ही वाचनालये सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदलेली असतात, आणि अशा व्यवस्थांसाठीच्या १९५० च्या कायद्यान्वये विश्वस्तांची इमारत विकायची झाली, किंवा तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची झाली, तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते. इमारत कार्यकारिणीची नसते, गावाची असते. कायद्यानेसुद्धा.

देणगीदारांची पाटी. संगमरवराची, दर्शनी भिंतीत बसवलेली. नाव, पुढे रक्कम. रक्कम बहुधा एकाने संपणारी, १०१, ५१, २५१. शटर बसवताना पाटी एकतर आत जाते, नाहीतर तिच्यावर दुकानाचा फलक लागतो. वाचनालयाच्या इमारतीचा इतिहास लिहायचा तर याहून चांगला कागद नाही, म्हणून या पाटीपाशी थोडे थांबतो.

मराठी मुलुखातले पहिले सार्वजनिक वाचनालय रत्नागिरीत १८२८ मध्ये निघाले. पुण्याचे १८४८ चे. वऱ्हाडाचा रस्ता वेगळा. १८५३ मध्ये निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला, १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला, आणि १९५६ ची राज्यपुनर्रचना झाली तेव्हा बुलढाणा जिल्हा मुंबई राज्यात आला. मुंबई सरकारने १९३९ मध्ये ग्रंथालयांच्या वाढीसाठी फैजी समिती नेमली, गाव-तालुका-जिल्हा अशी साखळी आखली, तेव्हा हा जिल्हा त्या प्रांतातच नव्हता. ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा, तो लागू झाला १ मे १९६८ रोजी. इमारत आणि साधनसामग्रीच्या अनुदानाचे नियम १९७० चे. त्याआधी जिथे इमारत उभी राहिली तिथे ती गावाच्या बळावर राहिली. कुणी जागा दिली, कुणी लाकूड, कुणी रोख, थोडेफार नगरपालिकेने.

आणि या मुलखातली रोख बहुतेक कापसाची होती. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा सुरू झाला, तेव्हा उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले, कारण खामगावची कापसाची बाजारपेठ तेवढी मोठी होती. पाठोपाठ जिनिंग-प्रेसिंग आले, अडते आले, त्यांच्या दाव्यांसाठी वकील आले, त्यांच्या मुलांसाठी शिक्षक आले. वर्गणी घालणारी मंडळी ती हीच. ज्याला स्वतःला अक्षर लागत नव्हते असाही माणूस वाचनालयाला पैसे देत होता, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. दुकानदाराने फलक थोडा वर लावला तर ती नावे अजूनही वाचता येतील.

पार्सल. मुंबई-पुण्याची पुस्तके रेल्वेने मलकापूर, नांदुरा, शेगावला उतरत. घाटाखालच्या गावांचे ठीक होते. बुलढाणा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सगळी घाटावरची, आणि घाटावर रेल्वे आजही नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची. मलकापूरला उतरलेली पुस्तके मोताळ्यावरून राजूर घाट चढून बुलढाण्याला जायची, आधी बैलगाडीने, मग मोटारीने. गोणपाटात शिवलेली पेटी उघडताना भोवती पाच-सात माणसे उभी असत. नव्या पुस्तकांची यादी फळ्यावर लिहिली जाई आणि पहिला नंबर कुणाचा यावर वाद होत.

फळा. पार्सलबरोबर तोही गेला.

वर्तमानपत्राचे उतरते मेज. उभ्याने वाचायचे, मधे लोखंडी सळई, तिच्याखाली पेपर अडकवलेला. सळईमुळे कुणी पान काढून नेऊ शकत नसे, आणि एका पेपरच्या दोन बाजूंनी दोघे-तिघे वाचू शकत. एक जण मोठ्याने वाची, बाकीचे ऐकत. पेपर उशिरा आला तर "काहून जी, आज पेपर नाही आला?" असे विचारायला बाजाराला आलेला खेड्यावरचा माणूसही दारात थांबे. बाजारभाव, पाऊसपाणी, नोकरभरती, मयताच्या बातम्या. आज बातमी प्रत्येकाच्या खिशात आहे. पण परक्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून, त्याच्या वेगाने, त्याच्याशी बोलत बातमी वाचणे ही वेगळी गोष्ट होती, आणि तिच्या बदल्यात आपल्याला काही मिळालेले नाही. मेजे बहुतेक ठिकाणी भंगारात गेली. सागवानाची होती.

चिठ्ठी. हिची नोंद कोणत्याच वहीत नाही, म्हणून इथे करतो. बायका वाचनालयात येत नसत. येऊ दिले जात नव्हते असेही म्हणता येईल. पण पुस्तके त्यांच्यापर्यंत जात. दुपारी शाळा सुटल्यावर मुलगा किंवा मुलगी पुस्तक बदलायला येई, हातात कॅलेंडरच्या नाहीतर वहीच्या कागदाची घडी. तिच्यावर चार-पाच नावे, खाली 'यांपैकी कोणतेही', आणि कधी कधी 'वाचलेले देऊ नये'. ग्रंथपाल त्या अक्षरावरून घर ओळखी. कोणत्या घरी काय वाचून झाले हे त्याच्या डोक्यात असे. सभासद म्हणून नाव नवऱ्याचे, वर्गणीची पावती नवऱ्याची, वाचणारी ही. वाचनालयाच्या अहवालात 'महिला सभासद' या रकान्यात वर्षानुवर्षे आकडा लहान दिसतो, तो खरा नाही. खरा आकडा त्या चिठ्ठ्यांत होता आणि त्या चिठ्ठ्या रोज संध्याकाळी केरात जात होत्या.

बाईच्या लिहिण्याचा धागा या जिल्ह्यात आणखी मागे जातो. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे इथल्याच सरकारी कचेरीत हेडक्लार्क. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवरचा खटला आणि त्यावरून वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीवर उठलेली झोड वाचून ताराबाईंनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिले आणि १८८२ मध्ये पुण्यात छापून घेतले. किंमत नऊ आणे. टीका झाली; जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही, आणि हेही दिसेनासे झाले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले तेव्हा ९३ वर्षे उलटली होती. आज जगभर ते अभ्यासले जाते, रोझालिंड ओ'हॅन्लन यांचे इंग्रजी भाषांतर १९९४ मध्ये आले. कुठल्या तरी कपाटात पाऊणशे-शंभर वर्षे कुणी न मागितलेली एक प्रत टिकून राहते, आणि त्यामुळे एक आख्खी बाई इतिहासात परत येते. म्हणूनच 'दहा वर्षांत कुणी नेले नाही' हे कारण देऊन पुस्तक बाद करणाऱ्या यादीची मला भीती वाटते.

तारीखपट्टी. शेवटच्या पानावर चिकटवलेला कागद, त्यावर परत करण्याच्या तारखांचे शिक्के. एका पुस्तकावर शिक्क्यांची गर्दी, दुसरी पट्टी चिकटवावी लागलेली. दुसऱ्यावर दोनच शिक्के, मधे बारा वर्षे. गावाने काय वाचले आणि केव्हा वाचणे सोडले, सगळे त्या पट्टीवर. आता नोंद संगणकात होते. ते सोयीचे आहे, चांगले आहे. फक्त जुन्या पट्ट्या फाडून टाकू नयेत.

तालिका पेटी. लहान लहान खणांची, प्रत्येक खणात सळईत ओवलेली कार्डे. लेखकावरून एक, नावावरून एक, विषयावरून एक. मराठी साहित्याला दशांश वर्गीकरणात ८९१.४६ हा आकडा आहे. तो पाठ असलेली मुले मी पाहिली आहेत. कार्ड शोधताना हमखास शेजारचे कार्ड वाचले जाई आणि जे शोधायला आलो त्याऐवजी दुसरेच पुस्तक घरी जाई.

बांधणीवाला. वर्षातून एकदा येई, ओसरीत बसे. मैद्याची खळ, तिच्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद. पुठ्ठा, जाड दोरा, पाठीला कापड. एकेका पुस्तकाचे आयुष्य वीस वर्षांनी वाढवणारा हा माणूस. आता बांधणीचा खर्च नव्या पुस्तकाच्या किमतीएवढा होतो म्हणतात. जुनी पुस्तके पुन्हा छापली जात नाहीत हे त्या हिशेबात धरलेले नसते.

मासिकांचे बांधीव खंड. सगळ्यांत जड, सगळ्यांत धुळीचे, म्हणून निर्लेखनात सगळ्यांत आधी. 'विविधज्ञानविस्तार' १८६७ पासून १९३७ पर्यंत निघाले. 'मनोरंजन', 'किर्लोस्कर', 'स्त्री', आणि 'सत्यकथा', जे १९८२ मध्ये थांबले. यांतला 'विविधज्ञानविस्तार' या जिल्ह्याने विशेष जपायला हवा होता. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे बालपण बुलढाण्यात गेले. १८९७ मध्ये वकिलीची परीक्षा देऊन त्यांनी पुढे वऱ्हाडातच, खामगाव-जळगाव जामोदकडे वकिली केली. १९०२ मध्ये 'विविधज्ञानविस्तारा'त त्यांचा 'साक्षीदार' हा लेख आला. कोर्टात रोज जे दिसत होते तेच त्यांनी लिहिले, आणि मराठी विनोदी लेखनाला तिथून नवी दिशा मिळाली. सुदामा, बंडूनाना, पांडुतात्या ही माणसे त्याच लेखांतली. १९१० मध्ये त्यांचे पुस्तक झाले, 'अठरा धान्यांचे कडबोळे'. राम गणेश गडकरी कोल्हटकरांना गुरू मानत. १९२७ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. म्हणजे इकडच्या कोर्टाच्या आवारातली भाषा मुंबईच्या मासिकातून महाराष्ट्रभर फिरून पुन्हा इथल्याच वाचनालयांत येत होती. पुस्तक पुन्हा छापून मिळते. लेख ज्या जाहिरातींसह, ज्या पत्रव्यवहारासह, ज्या शेजारच्या लेखांसह पहिल्यांदा आला तो अंक पुन्हा मिळत नाही.

सभागृहातली सतरंजी. खामगावात कोल्हटकरांच्या नावाचे स्मारक मंदिर आहे. बुलढाण्यात गर्दे वाचनालयाचे सभागृह आहे. शहरातल्या सभा, सत्कार, पुस्तक प्रकाशने तिथे होतात, आणि वाचनालयापेक्षा हॉलची ओळख मोठी झाली आहे. त्याचे मला वाईट वाटत नाही. ऐकणे हीसुद्धा वाचनाचीच बाजू आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि तिचे अनुकरण गावोगाव झाले. पण व्याख्यानाला बसणाऱ्यांसाठी सतरंजी अंथरली जाई, पोरांना पुढे बसवत, तिकीट नसे. आता खुर्च्या भाड्याच्या, सभागृह भाड्याचे, ध्वनिक्षेपक भाड्याचा. ज्याच्यापाशी भाड्याचे पैसे त्याचाच कार्यक्रम होतो, आणि गावातल्या मास्तरांनी तुकारामावर तीन दिवस बोलावे असा कार्यक्रम कुणी लावत नाही.

कंदिलाचा आकडा. छताच्या तुळईला अजून आहे.

शिक्का. एकाच पुस्तकावर तीन शिक्के आढळतात. पहिल्यावर जिल्हा बुलढाणा, वऱ्हाड. दुसऱ्यावर मध्य प्रदेश. तिसऱ्यावर महाराष्ट्र राज्य. पुस्तक कपाटातून हलले नाही, राज्ये बदलली.

जिल्ह्याचे कपाट. जे सगळीकडे कधी झालेच नाही त्याची नोंद यादीत कशी घ्यावी हे कळत नाही, तरी घेतो. सिंदखेड राजाला १९०९ मध्ये जन्मलेले आणि मेहकरला वकिली करत राहिलेले ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता १९३२ मध्ये गायक जी. एन. जोशींच्या तबकडीवरून घराघरांत पोहोचली. कवितासंग्रह आला १९५४ मध्ये. 'खूणगाठी' या संग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार १९८६ मध्ये. अमडापूरचे सदानंद देशमुख, त्यांची 'बारोमास' ही कादंबरी २००२ ची, अकादमी पुरस्कार २००४ चा. त्यांच्या आधी ताराबाई, कोल्हटकर. जिल्हा पावसावर जगणारा, घाटावर रेल्वे नसलेला, आणि एवढे साहित्य. ही सगळी पुस्तके, त्यांच्या जुन्या आवृत्त्या, गावोगावच्या स्मरणिका, शाळांचे सुवर्णमहोत्सवी अंक, सहकारी संस्थांचे अहवाल, शेतकऱ्यांची पत्रके, एका कपाटात, कुलूप लावून, घरी न देता, बसून वाचायला. प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात असे एक कपाट असायला हवे होते. अजून करता येईल.

मोकळी खुर्ची. यादीतली ही सगळ्यांत महत्त्वाची. वाचनकक्षात टेबलाभोवती खुर्च्या होत्या आणि त्यांवर कुणीही बसत असे. निवृत्त तलाठी, बेकार पदवीधर, कोर्टाच्या तारखेला येऊन दुपारच्या एस.टी.ची वाट पाहणारा शेतकरी, घरात जागा नसलेला मुलगा. कुणी विचारत नसे की काय काम आहे. उन्हाळ्यात घाटाखाली पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो. जाड भिंतींची ती खोली पैसे न देता बसता येणारी गावातली थंड जागा होती.

त्या खोलीत आता अभ्यासिका आहे. प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकाला नंबर, महिन्याची फी. आत मुले-मुली स्पर्धा परीक्षेची, पोलीस भरतीची, तलाठी भरतीची तयारी करतात. सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत. शेतीच्या उत्पन्नावर घर चालत नाही आणि नोकरीवाचून दुसरी वाट दिसत नाही, अशा घरांतून ती आलेली आहेत. त्यांना त्या खुर्च्यांवरून उठवा असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जिल्ह्यातली अनेक वाचनालये आज त्यांच्यामुळे उघडी आहेत, आणि मुली इतक्या संख्येने वाचनालयात बसतात हे या इमारतींच्या इतिहासात पहिल्यांदाच घडते आहे. चिठ्ठी पाठवणाऱ्या बाईची नात आज स्वतःच्या नावाच्या कार्डावर आत बसली आहे. ही कमाई लहान नाही.

पण तिच्यापुढे जे पुस्तक आहे तो तिने स्वतःच आणलेला प्रश्नसंच आहे. तिच्या पाठीमागच्या कपाटांना कुलूप आहे आणि किल्ली ग्रंथपाल आल्यावर मिळते. आणि परीक्षा नसलेल्या माणसाला आत जागा नाही. अभ्यासिका राहू द्या, वाढवा, पण वाचनकक्षाच्या बाजूला, त्याच्या जागी नको. एक टेबल आणि सहा खुर्च्या कुणाच्याही नावावर न ठेवता मोकळ्या ठेवायला कोणत्याही अनुदानाची गरज लागत नाही.

ग्रंथपालाची आठवण. माणूस जातो तेव्हा त्याच्याबरोबर जाते. कुठल्या कपाटात कितव्या रांगेत काय, कुणाला काय आवडते, कुणाच्या वडिलांनी काय भेट दिले होते. अर्धवेळ मानधनावर, पेन्शनशिवाय, तीस-पस्तीस वर्षे ही माणसे बसली. त्यांच्याकडून तोंडी इतिहास कुणी टिपून घ्यायचा तर तो कालच घ्यायला हवा होता.

पहिली दाखल नोंदवही. सगळ्यांत शेवटी आठवली, कारण ती अजून बऱ्याच ठिकाणी आहे. रुंद पन्ह्याची, लाल कापडी पाठीची, दाखल क्रमांक १ पासून सुरू होणारी. तारीख, लेखक, नाव, प्रकाशक, किंमत रुपये-आणे-पै, विकत की भेट, भेट तर कुणाची. गावाने पहिली शंभर पुस्तके कोणती निवडली ते तिच्यात आहे. ती कपाटावर पडलेली असते, कोपरे उंदरांनी खाल्लेले, आणि संगणकीकरण झाले की 'आता हिची गरज नाही' असे म्हटले जाते. तिची पाने मोबाइलवर टिपून ठेवायला एक दुपार पुरते.

मार्चअखेर हिशेब बंद होतील, मग वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस दारावर लागेल. सभेला बहुतेक ठिकाणी गणसंख्या होत नाही. अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा भरवून ठराव मंजूर होतात. तुम्ही बुलढाणा, खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, कुठलेही असा, आपल्या गावच्या वाचनालयाचे सभासद व्हा आणि त्या सभेला जा. बाद करायच्या पुस्तकांची यादी मोघम मंजूर होऊ देऊ नका. ती एकेक नावानिशी वाचून दाखवायला सांगा.